फ्रँक कॅसलला थकू द्या : मार्व्हलच्या लेखक-संपादकांना खुले पत्र

प्रति,
मार्व्हल कॉमिक्सचे संपादक, मार्व्हल स्टुडिओजचे लेखक-निर्माते,
आणि यापुढे ज्यांच्या ज्यांच्या हाती पनिशर पडेल ते सगळे

विषय : फ्रँक कॅसलला कोणत्याही प्रकारची शक्ती न देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

अभिनेता जॉन बर्नथलचा पनिशर, म्हणजे बायको-मुलांच्या खुनानंतर बंदुका घेऊन गुन्हेगारांना मारत सुटलेला माजी सैनिक फ्रँक कॅसल, स्पायडर-मॅनच्या चित्रपटात येणार, हे २०२५ मध्ये जाहीर झालं. त्यानंतर चाहत्यांची चर्चा मुख्यतः दोन गोष्टींवर रंगली. रक्त कितपत दाखवणार, आणि त्याच्या छातीवरचं कवटीचं चिन्ह राहणार की जाणार. मला हे दोन्ही प्रश्न दुय्यम वाटतात. माझी धास्ती वेगळीच आहे. एका बाजूला भिंतीवर चढणारा पोरगा, दुसऱ्या बाजूला हातोडा उचलून वीज पाडणारा देव, आणि मध्ये काळा शर्ट घातलेला एक माणूस असं चित्र समोर आलं की लेखकाचे हात शिवशिवतात. बिचाऱ्याला काहीतरी द्यावं असं वाटायला लागतं. एखादं चिलखत, एखादा शाप, निदान रक्तात टोचलेलं एखादं रसायन. तुमचे हात याआधी अनेकदा शिवशिवले आहेत, म्हणून वेळेत लिहून ठेवते.

जरा उजळणी करू. १९९८ मध्ये तुम्ही मेलेल्या फ्रँकला देवदूतांकरवी परत आणलंत, त्याच्या हाती स्वर्गातली शस्त्रं दिलीत आणि त्याला सैतानी शक्तींच्या मागे सोडलंत. २००९ मध्ये वुल्व्हरिनच्या मुलाने त्याचे अक्षरशः तुकडे केले, आणि जमिनीखाली राहणाऱ्या राक्षसांच्या टोळीने ते शिवून त्याला फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा भाऊबंद बनवलं. पुढे एकदा त्याच्या अंगावर वॉर मशीन या वीराचं उडतं चिलखत चढलं. एका पर्यायी भविष्यात त्याने आत्मा विकला, डोक्याला आग लावून घेतली आणि अखेर थॅनॉस या महाखलनायकाच्या चाकरीत रुजू झाला. २०२२ मध्ये हँड या निन्जा पंथाने त्याला आपला म्होरक्या केलं, वर त्याची मेलेली बायकोही उठवून दिली.

यातलं काही वाचायला धमाल होतं, नाही म्हणत नाही. जळक्या कवटीने अंतराळात मोटारसायकल हाकणारा फ्रँक कुणाला आवडणार नाही? पण ती मजा फ्रँक कॅसलची नव्हती. त्या जागी दुसऱ्या कुणालाही बसवलं असतं तरी मोटारसायकल तेवढीच वेगाने गेली असती. आणि बहुतेक वेळा तुम्हाला मागे यावंच लागलं आहे. पुन्हा काळा शर्ट, पुन्हा बंदुका, पुन्हा एकटा माणूस. देवदूतांचं प्रकरण तर लेखक गार्थ एनिसने २००० साली पहिल्याच अंकात फ्रँकच्या तोंडी दोन-तीन तुटक वाक्यं घालून निकालात काढलं, आणि गडी कामाला लागला.

त्या कथेकडे जरा परत बघा, कारण मला जे म्हणायचं आहे त्याचा निम्मा पुरावा तिथेच आहे. बारा अंक, चित्रं स्टीव्ह डिलनची. फ्रँक एका जुनाट इमारतीत नाव बदलून राहतो. शेजारी तीन : एक घाबरट बाई, अंगभर टोचून घेतलेला एक तरुण, आणि एक प्रचंड लठ्ठ गृहस्थ. यातलं कुणीही गुन्हेगारीशी लढायला जन्मलेलं नाही. मग रशियन नावाचा एक अवाढव्य मारेकरी येतो आणि फ्रँकला कपडे आपटावेत तसा आपटतो. फ्रँक वाचतो कसा? हाताशी आलेला गरम पिझ्झा त्याच्या तोंडावर दाबून, आणि मग त्या लठ्ठ शेजाऱ्याच्या पोटाखाली त्याला गुदमरवून. प्रसंग हास्यास्पद आहे, तसा तो मुद्दामच लिहिला आहे. पण हसता हसता एक गोष्ट लक्षात येते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला घरात काय काय आहे ते बघावं लागतं. शेजाऱ्यांची गरज लागते. फ्रँक जखमी होऊन पडतो तेव्हा तेच त्याला लपवतात. त्या तरुणाच्या चेहऱ्यावरच्या बाळ्या एकेक करून उपटल्या जातात, तरी तो पत्ता सांगत नाही. फ्रँकला चिलखत असतं तर ह्या पोराची या कथेत गरजच उरली नसती.

उरलेला निम्मा पुरावा पडद्यावरचा आहे. डेअरडेव्हिल या अंध वीराच्या मालिकेचा २०१६ चा दुसरा सीझन, चौथा भाग. आयरिश टोळीने फ्रँकला पकडलंय, त्याच्या पायात ड्रिल घातलंय. तिथून तो डेअरडेव्हिलच्या मदतीने कसाबसा सुटतो आणि दोघं एका कब्रस्तानात येऊन पोचतात. फ्रँकच्यात आता चालायची ताकद नाही. तो एका थडग्याला टेकून बसतो आणि बोलायला लागतो. युद्धावरून घरी परतल्याचा दिवस. मुलगी शाळेत धावत येऊन बिलगली. रात्री तिने पुस्तक वाचून दाखवायचा हट्ट धरला. रोजचंच पुस्तक, रोजचाच हट्ट. आणि हा म्हणाला, आज दमलोय, उद्या वाचू. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो उद्या कसा गेला तेही.

मारामाऱ्या विसरून गेले तरी हा प्रसंग मला विसरता येत नाही. इथे फ्रँकचा सगळ्यात खोल सल बंदुकीचा नाहीच. आपण वेळेवर पोचलो नाही, आपला नेम चुकला, असलं काही तो म्हणत नाही. आपण दमलो होतो, एवढंच. आणि हे तो सांगतो कधी? पुन्हा एकदा दमून पडलेला असताना. रात्रीत जखमा भरणारा फ्रँक त्या थडग्याला टेकलाच नसता. उठून पुढच्या टोळीच्या मागे गेला असता आणि आपल्याला त्या पुस्तकाबद्दल कधीच कळलं नसतं. शरीर हरलं म्हणून तोंड उघडलं. ज्याला थकवा माहीत नाही, अशा प्राण्याला हा पश्चात्ताप होऊच शकत नाही. त्या वेळी हे लिहिणाऱ्यांना हे पुरतं कळलेलं होतं. म्हणून तर इतक्या तगमगीने सांगते आहे की तुम्हाला हे नव्याने शिकायचं नाहीये, फक्त विसरायचं नाहीये.

आता लोक या पात्राच्या लोकप्रियतेचं एक ठरीव कारण सांगतात, त्याबद्दल. पनिशर म्हणजे गुन्हेगारीला विटलेल्या शहराचं स्वप्न, असं म्हणतात. जन्मापुरतं ते खरं आहे. स्पायडर-मॅनच्या मासिकाच्या १२९व्या अंकात, फेब्रुवारी १९७४ ची तारीख असलेल्या, जेरी कॉन्वे, रॉस अँड्रू आणि जॉन रोमिता यांनी त्याला आणला. त्या काळच्या न्यूयॉर्कची अवस्था वाईट होती. पुढच्याच वर्षी शहर दिवाळखोरीच्या काठावर पोचलं. माफियाशी एकट्याने लढणाऱ्या माजी सैनिकाच्या स्वस्त कादंबऱ्या तेव्हा धडाधड खपत होत्या, आणि कॉन्वेंनी त्यांचं ऋण कधी लपवलेलं नाही. १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका वर्षात २,००० हून अधिक खून झाले. त्याच सुमारास फ्रँकही जोरात होता. १९९२ पर्यंत त्याची तीन-तीन मासिकं चालू होती.

पण पुढचा हिशोब जुळत नाही. तीनही मासिकं १९९५ मध्ये तुम्हीच बंद केलीत. आणि बर्नथलची स्वतंत्र मालिका आली नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या खुनांचा आकडा ३०० च्याही खाली होता. शहर सुरक्षित झालं, तरी माणूस लागतोच आहे. भीती आकडे बघून वाटत नाही हे कबूल, तरीही केवळ भीतीने हे कोडं सुटत नाही. सत्तरच्या दशकातल्या फ्रँकचं कुटुंब माफियाच्या गोळीबारात मेलं. २०१७ च्या मालिकेत मात्र त्या खुनांमागे सीआयएचा एक अधिकारी निघतो आणि जिवाभावाच्या मित्राला सगळं आधीपासून ठाऊक असतं. तक्रार कुणाकडे करायची? ज्यांच्याकडे जायचं तेच आरोपी. हे दुःख कुठल्याही शहरात, कुठल्याही सालात समजतं. त्यासाठी गल्लीत दरोडेखोर असावे लागत नाहीत.

नव्वदच्या दशकातली ती तीन मासिकं बंद का पडली, यावर बरंच लिहिता येईल. मला एवढंच दिसतं की महिन्यातून तीनदा जिंकणारा माणूस माणूस राहत नाही. वेगळी शक्ती न देताही तुम्ही त्याला अजिंक्य करून टाकलं होतं.

इथे मीच एक शंका काढते, म्हणजे तुम्हाला काढायला नको. फ्रँक ‘सामान्य माणूस’ आहे, हे तरी कितपत खरं? तो मरीन कोअरमध्ये तयार झालेला आहे. त्याची नेमबाजी, त्याची सहनशक्ती माझ्यात नाही, वाचणाऱ्या बहुतेकांतही नाही. ‘हा तुमच्याआमच्यासारखाच’ ही जाहिरात खोटी आहे, आणि ‘मीही असं करू शकेन’ या भावनेपोटी तो आवडतो असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याचं सामान्यपण एकाच गोष्टीत आहे. त्याची गोळी संपते, रक्त वाहतं, झोप लागते, वय होतं. कौशल्य असामान्य आणि शरीर मात्र सगळ्यांना मिळतं तेच.

बॅटमॅनचे चाहते आता रागावतील, पण त्याच्याबाबतीत हे हळूहळू सुटत गेलं. नावाला तोही माणूस. प्रत्यक्षात पैसा हीच त्याची शक्ती, आणि उरलेलं काम ‘त्याने आधीच तयारी करून ठेवली होती’ या वाक्यावर भागतं. त्याच्या कंपनीने, म्हणजे डीसीने, १९९३ मध्ये एकदा हिंमत केली होती. बेन नावाच्या खलनायकाने त्याचा पाठीचा कणा मोडला, ब्रूस वेन म्हणजे खरा बॅटमॅन चाकाच्या खुर्चीत आला, मुखवटा दुसऱ्याने घातला. मी म्हणेन, त्या दशकातली ती सगळ्यात चांगली कल्पना होती. आणि कणा बरा कसा झाला? एका डॉक्टर बाईंकडे अतींद्रिय शक्ती निघाली. कणा मोडण्यावर इतके अंक खर्ची घालायचे आणि जोडायला चमत्कार उसना आणायचा!

त्याच कंपनीत त्याच्या उलट उदाहरण आहे. १९८८ मध्ये जोकरच्या गोळीने बॅटगर्ल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बार्बरा गॉर्डनच्या कमरेखालचा भाग लुळा पडला. ती कथा कशी वापरली गेली यावर रास्त टीका झाली आहे, आणि मलाही ती खटकते. पण पुढच्याच वर्षी जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल यांनी तिला ऑरॅकल केलं. खुर्चीत बसून सगळ्या वीरांना माहिती पुरवणारी बुद्धी. २०११ पर्यंत, वीसपेक्षा जास्त वर्षं, ती तशीच राहिली, आणि बॅटगर्ल असताना नव्हती इतकी महत्त्वाची झाली. कुणी जादूने उठवलं नाही म्हणून तिला नवं काम शोधावं लागलं.

तुमच्या स्वतःच्या घरात हॉकआय आहेच. देवांच्या आणि राक्षसांच्या टोळीत धनुष्यबाण घेऊन फिरणारा हा माणूस वर्षानुवर्षं विनोदाचा विषय होता. १९८३ च्या मासिकात त्याची श्रवणशक्ती गेली, नंतर ती परत आणली गेली, आणि मॅट फ्रॅक्शन-डेव्हिड आजा जोडीने ती पुन्हा घालवून एक अख्खा अंक बराचसा खुणांच्या भाषेत रंगवला. २०२१ च्या मालिकेत तर फार सोपं करून दाखवलंत. ऐकायला कमी कशाने येतं असं त्याला विचारतात, आणि आपल्याला भराभर दिसतात ते सगळे स्फोट, जे आपण इतकी वर्षं टाळ्या वाजवत पाहिले. त्या काही सेकंदांत हॉकआयबद्दल मला जेवढी आपुलकी वाटली तेवढी आधीच्या सगळ्या चित्रपटांत मिळून वाटली नव्हती. हे तुम्हाला जमतं. मग फ्रँकच्या बाबतीत का सुटतं?

आता कवटी. हा विषय टाळून हे पत्र लिहिता आलं नसतं.

इराकमधल्या अमेरिकन सैनिकांनी ती वाहनांवर रंगवली. २०१७ मध्ये केंटकीतल्या एका छोट्या गावाच्या पोलिसांनी ती गाड्यांवर चिकटवली, आणि टीका झाल्यावर काढली. जेरी कॉन्वे यांनी पोलिसांनी ती वापरण्याला जाहीरपणे कडाडून विरोध केला. २०२० मध्ये त्यांनी त्या चिन्हाचे नवे नमुने काढून ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या चळवळीसाठी निधी गोळा केला. तुम्ही काय केलंत? २०२२ मध्ये चिन्हच बदललंत. कवटीला शिंगं आणि सुळे लावलेत. मला तो पळपुटेपणा वाटला. जुनी कवटी लोकांच्या गाड्यांवर होती तशीच राहिली, फक्त तिच्याबद्दल बोलू शकणारा एकमेव माणूस तिच्यापासून दूर केला गेला.

याहून चांगली उत्तरं तुमच्याच कथांत पडलेली आहेत. एनिसच्या त्याच बारा अंकांत तीन जण फ्रँकचं अनुकरण करत माणसं मारत सुटतात आणि शेवटी त्याने आपलं नेतृत्व करावं म्हणून येतात. फ्रँक त्यांना गोळ्या घालतो. २०१९ च्या एका अंकात काही पोलीस त्याच्यासोबत हौसेने फोटो मागतात, गाडीवरची कवटी दाखवतात. तो ती फाडून टाकतो आणि म्हणतो की आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिका आहे. २०२५ च्या डेअरडेव्हिलच्या नव्या मालिकेत कवटी गोंदवलेले पोलीस आले आणि फ्रँकने त्यांनाही झिडकारलं. हे तुम्ही नेमकं लिहिलंत.

पण ते नुसतं संवादातून सांगून भागणार नाही, आणि इथे माझे दोन मुद्दे एकच होतात. गाडीवर जी चिकटते तिला शरीर नसतं. तिच्या पायात ड्रिल गेलेलं नाही, तिला मुलीचं पुस्तक आठवत नाही, ती एकटीने खोलीत बसून स्वतःच्या जखमेला टाके घालत नाही. ती कवटी लावणाऱ्याला जो पनिशर हवा असतो तो न थकणारा, न चुकणारा, ज्याला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही असा. म्हणजे थोडक्यात शक्ती मिळालेला. तुम्ही ज्या दिवशी फ्रँकला अमर करता त्या दिवशी तुम्ही त्याच स्टिकरची मोठी प्रत काढता. मग त्याने दहा भाषणांत पोलिसांना कितीही झापलं तरी उपयोग नाही, कारण पडद्यावर दिसणारी गोष्ट उलटं सांगत असते.

आम्हा आवडणाऱ्यांचंही काही खरं नाही, हे मान्य करून टाकते. फ्रँक दार तोडतो तेव्हा आतून बरं वाटतं. ते वाटू नये अशी माझी मागणी नाही. तसं वाटलं नाही तर कथा कशाला वाचायची? मागणी एवढीच की त्या बरं वाटण्याची किंमत त्याच प्रसंगात, त्याच शरीरावर दिसावी. २००० च्या त्या कथेत फ्रँक, कुणाचाही जीव घ्यायचा नाही असं मानणाऱ्या डेअरडेव्हिलला साखळदंडाने बांधतो, हातात बंदूक देतो आणि म्हणतो, मला मारलंस तर समोरच्याचा जीव वाचेल. डेअरडेव्हिल चाप ओढतो. बंदुकीत फायरिंग पिन नसते. एकाला आपल्या तत्त्वाचं काय झालं हे कायमचं कळलेलं असतं, दुसरा तसाच पुढे जातो. हा वाद इतका टोचतो, कारण दोघंही गोळीने मरू शकतात. गोळी लागून ज्याला काही होत नाही, त्याच्याशी हा वाद घालताच येत नाही.

तेव्हा मागण्या लिहून ठेवते, फार नाहीत. एका प्रसंगात हात मोडला तर पुढच्या प्रसंगात तो त्या हाताने दार उघडताना दिसू नये. स्पायडर-मॅनशी मारामारी झाली तर फ्रँक हरावा, आणि लवकर हरावा. गोष्ट त्यानंतर काय होतं याची असावी. गोळ्या मोजा. त्याला अ‍ॅव्हेंजर्सच्या मुख्यालयात खोली देऊ नका. बर्नथलचा जन्म १९७६ चा आहे, त्याच्या चेहऱ्यावरचं वय पुसू नका. प्रौढांसाठीच्या मासिकात तुम्ही फ्रँकला व्हिएतनामचाच सैनिक ठेवलंत, खऱ्या वर्षांनुसार म्हातारा होऊ दिलंत आणि लेखक जेसन एरनच्या हातून २०१२ मध्ये त्याला मरूही दिलंत. मुख्य विश्वात मात्र त्याचं युद्ध २०१९ मध्ये सियांकाँग नावाच्या काल्पनिक देशात हलवलंत, म्हणजे त्याचं वय कायम सोयीचं राहावं. व्यवहार म्हणून समजू शकते. पण एखाद-दुसऱ्या अंकात गुडघा दुखला, जिना चढताना थांबावं लागलं, एवढं तरी परवडेल की नाही?

उत्तराची अपेक्षा नाही, पुढचं लिखाण हेच उत्तर समजेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पनिशरची एक जुनी वाचक

ता. क. : १९९४ मध्ये तुम्ही फ्रँकला आर्ची या विनोदी कॉमिक्समधल्या शाळकरी पोराच्या गावात पाठवलं होतंत, आर्चीसारख्या दिसणाऱ्या एका गुन्हेगाराच्या शोधात. त्या अंकाची चेष्टा बरेच जण करतात. मी करत नाही. शाळेतल्या पोरांच्या नाचाच्या कार्यक्रमात हा गडी अवघडून उभा आहे, आणि तुम्ही त्याला तिथेही शक्ती दिली नव्हतीत. असं आणखी काही सुचलं तर जरूर छापा.